विमलच्या नावावरची खोली

नवीन जालन्याच्या स्टेशनवर आम्हाला सोडायला वडील एकटेच आले होते. आई फाट्यावरूनच माघारी फिरली. एसटीत बसलं की तिचा जीव घाबरा व्हायचा. फलाटावर बियाण्यांची पोती रचून ठेवली होती आणि बियाण्याला चोळलेल्या औषधाचा वास सगळीकडे पसरला होता. वडिलांनी आमची ट्रंक त्या पोत्यांना टेकवली आणि मला पाणी भरून आणायला पाठवलं. परत आलो तेव्हा ते सुनेला, माझ्या बायकोला, समजावत होते. तिच्याशी इतकं सलग बोलताना मी त्यांना प्रथमच पाहत होतो. "माणसांत मिसळा. पण तिथल्या भानगडींत पडू नका. लई मोठं गाव हाये ते." विमलने मान हलवली. गाडी सुटली तेव्हा ती वडिलांकडे पाहत नव्हती, मागे पडणाऱ्या बियाणं कंपन्यांच्या पाट्या एकेक करून वाचत होती. निघाल्याचं तिला काही वाटत नाही, असा मी समज करून घेतला. पुष्कळ वर्षांनी ती म्हणाली, वाचत बसले नसते तर रडले असते.

तिला जाऊन आता काही महिने झाले. जे गावी राहिले त्यांच्यासाठी आणि जे माझ्यासारखे निघाले त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. सावकाश लिहितो आहे, कारण घाई करण्यासारखं आता काही उरलेलं नाही.

आमचं गाव भोकरदन तालुक्यातलं, पिंपळगाव रेणुकाईच्या अलीकडे. नाव लिहीत नाही, त्याचं कारण पुढे येईल. मुंबईत मला एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरी लागली होती. पुस्तकांमध्ये माझा दिवस जायचा. विमलचा जायचा नाही. शेजार चांगला होता. पाणी किती वाजता येणार, सिलिंडरचा नंबर कधी लावायचा, सगळं शेजारणी सांगायच्या. पण त्याच्यापुढे काही नाही. एकदा ती म्हणाली, "इथं कोणी कोणाचं कायबी सांगतच न्हाई. माणसं हायेत का कपाटं?"

तिचं म्हणणं कळायला आमच्या घरची एक रीत माहीत असायला हवी. नवी सून आली की तिच्या वाट्याला चूल येते, पाण्याची खेप येते, रानातलं काम येतं. घरातल्या भानगडी मात्र तिला कोणी सांगत नाही. ती आली की मोठ्यांचं बोलणं थांबतं, तिनेही ते ओळखून भांडी वाजवत आत जायचं. विमलची दोन-तीन वर्षं अशी गेली. मग एका दुपारी आई आणि ती ज्वारी निवडत बसल्या असताना, सुपातून मान वर न काढता आईने तिला माझ्या चुलत्याची गोष्ट सांगितली. त्यांनी राजूरच्या बाजारात एकाच दिवशी एकच वावर दोघांना विकलं होतं आणि दोघांच्याही खर्चाने जेवून घरी आले होते. पुढे तो घोळ वडिलांनी कसा निस्तरला तेही सांगितलं. ती दुपार विमल कायम लक्षात ठेवून होती. म्हणायची, लग्न आधी झालं, पण सून मी त्या दिवशी झाले.

मी निवृत्त झाल्यावर दादरच्या एका जुन्या ग्रंथालयाच्या सभागृहात व्याख्यानमाला सुरू झाली. विषय होता मुंबईतल्या घोटाळ्यांचा आणि लाचलुचपतीचा इतिहास. व्याख्यात्या पत्रकारितेतून निवृत्त झालेल्या एक बाई होत्या. आवाज हळू, समोर गरम पाण्याचा थर्मास, हातात कागद नाही. दर शनिवारी संध्याकाळी त्या या शहराचं एखादं जुनं पाप उलगडायच्या. मला एकट्याने जायचा कंटाळा होता, म्हणून विमलला बरोबर घेतलं. ती कंटाळून झोपेल अशी माझी खात्री होती.

पहिलं व्याख्यान कापसाचं होतं. अमेरिकेत युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैसा इतका झाला की समुद्र बुजवून जमीन करायच्या कंपन्या निघाल्या, आणि जी जमीन अजून पाण्याखाली होती तिच्या शेअरवर बँका कर्ज देऊ लागल्या. मग युद्ध संपलं. शेठ लोक दिवाळखोर झाले, बँका बुडाल्या. बाईंनी हे सगळं एखाद्या घरची हकीकत सांगावी तसं सांगितलं. सभागृहातले जुने मुंबईकर नावं यायच्या आधीच हसत होते. त्यांना ती माणसं ठाऊक होती, घरातल्यांसारखी. विमल हसली नाही, पण पुढे सरकून बसली.

बाहेर पडल्यावर तिने मागे वळून सभागृहाकडे पाहिलं. मग म्हणाली, "आज या गावानं आपल्याला घरातलं सांगितलं."

घरी येऊन तिने गावी फोन लावला. माझा धाकटा भाऊ दिगंबर, त्याची बायको गया. ती विमलला आक्का म्हणायची. या दोघी जावांचं फोनवरचं बोलणं अख्ख्या मजल्याला ऐकू जायचं. त्या दिवशी ती म्हणाली, "अगं गया, आमच्याकडं काय झाल्तं माहितीये का?" मुंबईला तिने 'आमच्याकडं' म्हटलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. सगळी हकीकत ऐकून गया म्हणाली, तुमच्याकडं लई चोर हायेत बाई. विमलला ते लागलं. तुमच्याकडं काय कमी हायेत, असं तिने विचारलं. गया म्हणाली, हायेत की, पण आमचे चोर पंगतीला शेजारी बसतेत, तुमचे नुसते पेपरात दिसतेत.

त्यानंतर एकही शनिवार चुकला नाही. गिरण्यांच्या जमिनी झाल्या, महापालिकेची जुनी कंत्राटं झाली. विमल शेवटच्या रांगेतून दुसऱ्या रांगेत आली. एकदा व्याख्यान संपल्यावर तिने चक्क हात वर केला. एका फार मोठ्या माणसाने खोट्या नावांवर भूखंड घेतल्याची ती हकीकत होती. विमलने विचारलं, "त्याच्या बायकोला माहीत होतं का?" लोक हसले. बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, हे कुठेच लिहिलेलं सापडत नाही, आणि शोधायला हवं होतं. मला तो प्रश्न जरा बाळबोध वाटला होता.

त्याच हिवाळ्यात ती एकटी गावी जाऊन आली. गयाच्या मुलीच्या लग्नाची सुपारी आहे म्हणाली. परत आली तेव्हा खुशीत होती. पुढच्या वर्षी ती आजारी पडली आणि मग सगळं हळूहळू, दवाखान्याच्या तारखांप्रमाणे, संपत गेलं.

दिगंबर आणि गया अंत्यविधीला आले होते. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम गावी विहारात करायचा असं ठरलं आणि मी त्यांच्याबरोबर गेलो. दिगंबर वाटेत एवढंच म्हणाला, "दादा, आता तिकडं कोण हाये तुमचं? खोली बांधून ठेवलीये. बिलकुल वेगळी. संडास-बाथरूम आतच." घराच्या मागच्या जागेत खरोखरच एक नवी खोली उभी होती. बाहेरच्या भिंतीवर एका चौकोनात रंगाचा हात वेगळा मारलेला दिसला. मी विचारलं नाही. खाट होती, पंखा होता, खिडकीतून लिंबाचं झाड दिसत होतं. पुस्तकांसाठी भिंतीत फडताळही काढलेलं होतं. इतकं माझ्या सोयीचं कोणी कसं बांधलं, याचं मला नवल वाटलं. मी बहुतेक तिथेच राहायचं ठरवलं होतं. मुंबईची जागा भाड्याने द्यायची, इथे वाचत पडायचं.

राहिलो. पण महिनाभरात एक गोष्ट लक्षात आली. मी आलो की बोलणं थांबायचं. दिगंबर हवापाण्याचं काढायचा, गया पदर सारखा करून आत जायची. चहा मला बशीसकट यायचा. ज्या घरात जन्मलो तिथे मी नव्या सुनेच्या जागी आलो होतो.

जयंती जवळ आली तशी विहारात व्याख्यानमालेची तयारी सुरू झाली. मुलांनी मलाही गळ घातली. मी आयुष्यात कधी भाषण केलेलं नाही, पण विमलला आवडलं असतं म्हणून हो म्हटलं. विषय मीच दिला, मुंबईतले घोटाळे.

दुसऱ्या दिवशी गया ओट्यावर हरभरा निवडत होती. मी खोलीच्या दारात वाचत बसलो होतो. गया माझ्याशी कधी थेट बोललेली नाही. मी तिचा भासरा, थोरला दीर. आमच्याकडे ते चालत नाही. बोलायचं असलं तर ती भिंतीशी बोलते आणि मी ऐकतो. त्या दिवशी ती सुपाशी बोलू लागली.

"भाषणाचं ऐकलं म्हणं. मंग त्याच्याआधी कोणीतरी सांगाया पाह्यजे दादाला. ही खोली घरकुलाची हाये. सरकारी. आक्काच्या नावावर."

मी पुस्तक मिटलं.

सुपातला हरभरा पाखडत तिने सगळं सांगितलं. दिगंबरला आधीच एक घर होतं, त्याला मिळणार नव्हतं. विमलचं नाव गावच्या रेशनकार्डावरून कोणी कधी कमीच केलं नव्हतं. गावात राहते, बेघर आहे, असं दाखवून तिच्या नावावर घरकुल बसवलं. पाया खोदल्यावर लाभार्थ्याचा फोटो लागतो, म्हणून ती आली होती. सुपारीबिपारी काही नव्हती. खड्ड्याशेजारी उभं राहून तिने फोटो काढला. भिंतीवर तिचं नाव रंगवलेलं होतं, मी येणार म्हणून दिगंबरने पुसून घेतलं.

"आक्का म्हणल्या, मी आधी गेले तर ते एकटे तिथं कसे राह्यतील. फडताळ त्यांनीच काढाया लावलं." गया थांबली. सूप हलायचं थांबलं. "मी म्हणलं, दादाला सांगावं. तर म्हणल्या, नको गं. ते त्याच्यावर व्याख्यान देतील."

मला हसू आलं आणि ते फार वेळ हसू राहिलं नाही. गया आत गेली नाही. तिथेच बसून राहिली.

मग तिने उरलेलं सांगितलं, जे कदाचित तिला जास्त टोचत होतं. त्या वर्षी यादीत विमलच्या खालचं नाव कलाबाईचं होतं. कलाबाई आमच्याच वस्तीतली, नवरा गेलेली, लोकांच्या रानात खुरपायला जाते. विमलपाशी यादी थांबली. कलाबाई अजून पत्र्याच्या शेडात राहत होती. आक्काला हे माहीत होतं का, असं मी विचारलं. थेट गयालाच विचारलं. तिनेही थेट माझ्याकडे पाहून उत्तर दिलं, "बराबर माहीत न्हवतं. पण इचारलंबी न्हाई."

विहारात त्या संध्याकाळी बरीच माणसं होती. बायका एका बाजूला, कलाबाई पुढेच. मी कापसाचं सांगितलं, पाण्याखालच्या जमिनीचं सांगितलं. आवाज हळू ठेवला तर लोक ऐकतात, हे मी दादरच्या त्या बाईंकडून शिकलो होतो. कापसाची गोष्ट आमच्या लोकांना समजावून सांगावी लागत नाही, ते मध्येमध्ये हुंकार देत होते. शेवटी शाळेतले एक सर उठले आणि म्हणाले, "मुंबईचं झालं. आपल्याकडचं एखादं उदाहरण सांगा ना." माणसं हसली. दिगंबर खाली पाहू लागला. गयाने पदराचं टोक दातात धरलं होतं.

उदाहरण माझ्यापाशी होतं. इतकं चांगलं उदाहरण त्या बाईंनाही कधी मिळालं नसेल. सांगितलं असतं तर कलाबाईला तिचा न्याय चारचौघांत मिळाला असता, असंही मनात आलं. पण ज्या गयाने आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी तोंड उघडलं, तिने ते मला घरातलं माणूस समजून सांगितलं होतं. मी म्हणालो, "आपल्याकडचं मी सांगत नाही. मी बरीच वर्षं बाहेर होतो." सर बसले.

रात्रीचं जेवण होताच मी दिगंबरला सांगितलं, खोली कलाबाईला राहायला दे. तो चिडला. एवढा खर्चा, एवढी धावपळ, आणि तुम्ही मधेच हे काय काढलं. मग त्याची खरी अडचण पुढे आली. "लोक इचारतील, कामून दिली? काय सांगू मी?"

"सांग, दादाला करमत नाही, तो मुंबईलाच राहतो. खोली रिकामी पडली."

"आन् खरंच राह्यला तुम्ही इथं, तर?"

"म्हणूनच जातो," मी म्हटलं. तो उठून आत गेला. सकाळी मला सोडायला मात्र तो जालन्यापर्यंत आला.

मी काही फार मोठं केलं असं मला वाटत नाही. खोली अजून कागदावर विमलचीच आहे, चूक अजून चूकच आहे, आणि कलाबाईला आपल्याला काय नाकारलं गेलं होतं हे कोणी सांगितलेलं नाही. विमलने माझ्यासाठी जे करून ठेवलं त्यात मी राहिलो नाही, याचं तिला वाईट वाटलं असतं. ती रागावली असती, आणि दोन दिवसांनी फोनवर गयाला म्हणाली असती, मी सांगितलं न्हवतं का, व्याख्यानच दिलं ना शेवटी. हे छापायला द्यायच्या आधी मी गयाला फोन केला. ती आता माझ्याशी बोलते. म्हणाली, गावाचं नाव नका घालू, मंग काय लिहायचं ते लिहा.

शनिवारी मी व्याख्यानाला जातो. बाई थकल्या आहेत, आता बसून बोलतात. मध्ये एकदा घरी असताना फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता. कोण, विचारलं, तर पलीकडून कलाबाई म्हणाली, "मी विमलबाईच्या घरून बोलून राह्यले." फडताळ मोकळं आहे, त्यात डबे ठेवले तर चालतील का, एवढंच तिला विचारायचं होतं. चालतील म्हटलं. मग तिने फोन ठेवला.

घर कुठे, असं मला इथे कोणी विचारलं तर पूर्वी मी अडखळायचो. मुंबई म्हणावं तर ते खरं वाटायचं नाही, गाव म्हणावं तर तिथलं काही माहीत नसायचं. आता मी सरळ सांगतो, माझं मुंबईत, आणि माझ्या बायकोचं भोकरदन तालुक्यात. लोक जरा गोंधळतात, मग समजुतीने मान हलवतात. आमचं दोघांचं पटत नसावं, असं त्यांना वाटतं. मी खुलासा करत नाही.