पदराला पुसलेलं बोट

मोठ्या दिराने साखर मोजायचं मशीन आणलं, त्या दिवसापासून आमच्या घाटकोपरच्या खोलीत डॉक्टर तोच. समोर मी त्याला भावोजी म्हणते, अहो-जाहो करते. या वहीत अरे-तुरे करते, वही कोणी बघत नाही.

सासूबाईंचं बोट टोचायचं, रक्ताचा थेंब पट्टीला लावायचा आणि आकडा शेजारच्या खोलीत ऐकू जाईल असा वाचायचा, एवढीच त्याची डॉक्टरकी. इन्सुलिनही तोच टोचतो. मी चौथी शिकलेली, म्हणून मशीनला हात लावायचा नाही.

संक्रांतीच्या आधी मी आणि सासूबाई ऑर्डरचे तिळाचे लाडू वळतो. त्या दुपारी जेवणाआधी तो मशीन घेऊन आला. सासूबाईंनी हात पदराला पुसून पुढे केला. त्यांच्या लेखी पदराला पुसला की हात स्वच्छ. पदर सकाळपासून गुळाने चिकटलेला. त्याने तसंच बोट टोचलं.

आकडा चारशेच्या वर गेला. लाडू चोरून खाल्लेस म्हणून तो आईला बोलायला लागला.

"माका देवाची आण रे, एकय लाडू तोंडात घालूक नाय."

माणूस खोटं बोलतो, मशीन बोलत नाही, असं म्हणून तो सुईत रोजच्या दुप्पट इन्सुलिन भरायला लागला.

दवाखान्यातल्या सिस्टरने बजावलं होतं, इन्सुलिन जास्त गेलं तर माणूस बेशुद्ध पडतो, दगावतोसुद्धा. पट्टीचंही तिनेच समजावलं होतं. पट्टीवर औषध असतं, त्याला साखर लागली की बारीकसा करंट निघतो, मशीन तो मोजतं. साखर रक्तातली की हातावरची, हे त्याला कळत नाही. तेव्हा हा महाशय शेजारीच बसला होता, मोबाइलमध्ये तोंड खुपसून.

एवढं सगळं मी सांगितलं असतं तरी चौथी शिकलेलीचं त्याने ऐकलं नसतं. मी माझं गुळाचं बोट पुढे केलं.

"भावोजी, आधी माझी बघा."

त्याला मजा वाटली. टोचलं. मला कसला आजार नाही, तरी आकडा तीनशेच्या पुढे. मी मोरीत जाऊन साबणाने हात धुतले, कोरडे केले आणि दुसरं बोट दिलं. अठ्ठ्याण्णव.

"आता आईंचे हात धुते," मी म्हटलं.

धुतल्यावर त्यांचा आकडा रोजच्यासारखाच आला. त्याने सुई रिकामी करून डॉक्टरांनी लिहून दिलं तेवढंच भरलं. वर म्हणाला, मशीन बोगस निघालं. आईला चोर ठरवलं त्याबद्दल चकार शब्द नाही.

आता शेजारणींना सांगत असतो, मशीन लावण्याआधी हात धुवायचे असतात, लोकांना एवढंही कळत नाही. सासूबाई मात्र तो आला की आधी मोरीत जातात आणि बोटं एकेक करून सावकाश धुतात. हा मशीन हातात धरून बाहेर उभा. मी त्यांना लवकर आटपा म्हणत नाही.