घरातलं सगळं बंद करून

खिशाला पेन लावावं तसा टेस्टर लावून ते जन्मभर हिंडले, म्हणून गल्लीत त्यांना टेस्टरकाका म्हणत. खरं नाव वायरमनच्या लायसन्सवर तेवढं उरलं होतं. चाळीस वर्षं लोकांच्या घरात वायरिंग केलं, पण एकदाही शॉक बसला नाही, हे ते अनोळखी माणसालाही पाचव्या मिनिटाला सांगत. त्यांचा नियम एकच होता. बोर्डाला हात लावायच्या आधी घरातली झाडून सगळी उपकरणं बंद करायची, प्लग उपसून ठेवायचे, मग तपासणी. कुणी कुरकुर केली की म्हणायचे, "आधी घर गप्प करू द्या. गलबल्यात दुखणं सापडत नाही." या नियमाने त्यांना नाव मिळवून दिलं, आणि याच नियमाने त्यांचा घात केला.

काकूंना झटका आला आणि डावं अंग गेलं. बोलणं राहिलं, पण आवाज इतका बारीक झाला की उशीशी कान न्यावा लागे. त्यांची खोली वरच्या मजल्यावर आणि काकांचं पंखे-मिक्सर दुरुस्तीचं दुकान खाली, मागच्या अंगाला. हाक पोचणार कशी? काकांनी आठवडाभर खपून एक बटण बसवलं. नवी तार एक इंचही ओढली नाही. काकूंच्या उजव्या हाताशी बटण, त्याचा प्लग भिंतीत. बटण दाबलं की घराच्या जुन्याच वायरिंगमधून इशारा खाली यायचा आणि दुकानात लाल दिवा लागून बझर बोंबलायचा. शेजाऱ्यांना बोलावून बोलावून काकांनी ते दाखवलं. पठ्ठ्याने केलं होतंच तसं.

पहिले पंधरा दिवस दिवा लागे आणि काका पायऱ्या दोन-दोन चढत वर जात. पुढे काकूंच्या पाठीला जखमा होऊ लागल्या. डॉक्टरांनी हवेची गादी घ्यायला सांगितली. तिचा लहानसा पंप पलंगाखाली रात्रंदिवस घरघरत राही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी काकू म्हणाल्या, "अहो, मघाशी दाबलं होतं. दोनदा."

काका लगेच कामाला लागले. फ्रिज बंद, टीव्ही बंद, चार्जर काढले, दोन मिनिटांसाठी गादीचा पंपही काढला. घर गप्प झालं. मग त्यांनी स्वतः बटण दाबलं आणि खालचा बझर खिडकीतून खणखणीत ऐकू आला. "बघ, वाजतंय की! तू नीट दाबत नसशील. अंगठ्यात जोर नाही तुझ्या." सगळं पुन्हा चालू करून ते खाली गेले.

दुसऱ्यांदा हेच झालं. तिसऱ्यांदा काका भडकले. "चाळीस वर्षं हेच केलंय मी! उगाच बटणावर खापर फोडू नकोस. आणि काम नसताना बोलावत जाऊ नकोस." काकूंनी मान भिंतीकडे वळवली. पुन्हा तक्रार केली नाही. तक्रार मिटली, दिवा लागत नाही म्हणजे तिला काही नको असेल, असं समजून काका खूश झाले. दहाला, एकला, पाचला वर एक चक्कर मारायची असं त्यांनी ठरवून टाकलं.

सात महिन्यांनी लेक चार दिवसांसाठी माहेरी आली. दुपारी जेवायला बोलावण्यासाठी तिने आईजवळचं बटण दाबलं आणि शेवटी तणतणत दुकानात आली.

"बाबा, किती वेळ दाबतेय! ऐकू येत नाही का?"

"जोरात दाबायचं," काका सवयीने म्हणाले आणि मग लेकीच्या धडधाकट हाताकडे बघून उठले.

वर जाऊन त्यांनी नेहमीप्रमाणे एकेक प्लग काढायला घेतला. लेक बघत राहिली. बझर वाजला तशी ती म्हणाली, "पण बाबा, तुम्ही सगळं बंद का करता? आई दाबते तेव्हा सगळं चालूच असतं ना?"

काकांनी हातातल्या प्लगकडे बघितलं. वायरमन नसलेल्या पोरीला जे दिसलं, ते त्यांना दिसलं नव्हतं. मग त्यांनी एकेक वस्तू चालू करून बघितली. फ्रिज चालू, बझर वाजला. टीव्ही चालू, वाजला. गादीच्या पंपाचा प्लग लावला आणि बझर मुका झाला. पंपातलं स्वस्तातलं सर्किट बटणाचा इशारा पलंगापाशीच गिळून टाकत होतं. बायकोच्या पाठीसाठी आणलेली वस्तूच तिची हाक खात होती आणि काका दर वेळी तीच वस्तू बाजूला काढून बटणाला शाबासकी देत होते.

दुसऱ्याच दिवशी पंप आणि भिंत यांच्यामध्ये त्यांनी इशारा पंपात शिरू न देणारा फिल्टर बसवला. सगळं चालू ठेवून दहा वेळा दाबलं, दहाही वेळा बझर वाजला. काकूंच्या पायाशी बसून ते म्हणाले, "चूक माझी होती गं. तू बरोबर दाबत होतीस. मला खाली काही कळतच नव्हतं."

"असू दे," काकू म्हणाल्या.

लेक गेली. काकांनी टेबल फिरवून लाल दिव्यासमोर घेतलं. एक पंखा उघडला, पण नजर दिव्यावर. दिव्याच्या भरवशावर दहाची चक्करही मारली नाही. सकाळभर दिवा लागला नाही. पुन्हा काही बिघडलं असेल म्हणून त्यांनी बझर तपासला, ठणठणीत होता. एक वाजायचीही वाट न बघता ते वर गेले.

काकूंची चादर ओली होती, बरीच आधीची. पाण्याचा पेला हाताला लागणार नाही इतका लांब सरकला होता. ओठ सुकले होते. बटण मात्र हाताखालीच होतं.

"अगं, दाबायचं नाही का? आता वाजतं ते! तुझ्यासमोर दहादा वाजवून दाखवलं ना?" काकांचा आवाज फाटला.

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. डोळ्यांत राग नव्हता. असता तर काकांना बरं वाटलं असतं. बोलणं ऐकायला त्यांनी कान जवळ नेला.

"तुम्ही येत नाही, याची मी सवय करून घेतलीय," काकू म्हणाल्या. "फार दिवस लागले हो त्याला. आता पुन्हा वाट बघायला लावू नका."