कानसेन आणि काचेचं कपाट

कानसेनला अध्यक्षाची खुर्ची सोडायची नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढे जे झालं ते वाचून कुणाला वाटायचं की माणूस फार मोठा साधुसंत होता. साधुसंत वगैरे काही नाही. पासष्टी ओलांडलेला, हट्टी, तोंडाचा फटकळ आणि बायकोपेक्षा स्वतःच्या कानांवर जास्त विश्वास ठेवणारा माणूस होता तो.

त्या कानांनीच त्याला हे नाव मिळवून दिलं होतं. चौतीस वर्षं त्याने टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून काढली. खांबावर चढायचं, तारेला रिसीव्हर जोडायचा, डोळे मिटायचे आणि नुसत्या खरखरीवरून सांगायचं, बिघाड किती खांब पुढे आहे ते. पाणी शिरलं असेल तर आवाज वेगळा, सांधा ढिला असेल तर वेगळा. इंजिनियर मंडळी यंत्रं घेऊन अर्धा दिवस घोळ घालायची आणि शेवटी हा सांगेल तिथेच जायची. तानसेन नसला तरी कानसेन आहे, असं कुणीतरी म्हणालं आणि ते चिकटलं. पुढे तारा गेल्या, खातं आकसलं, नाव राहिलं.

मंडळात त्याला आणलं तेही कानांमुळेच. मंडळ म्हणजे गावातल्या इंटरनेटच्या पत्त्यांचं मंडळ. शाळा, दवाखाने, खेळाचे क्लब, चार खुर्च्यांचं केशकर्तनालय, सगळ्यांच्या वेबसाइटच्या नावामागे गावाची एकच शेपटी. कोणतं नाव कुणाला द्यायचं, दोघांना एकच हवं असेल तर कुणाचं खरं, तक्रार आली तर काय करायचं, हे ठरवणारी तेवीस माणसं. पगार नाही, मानधन नाही, चहासुद्धा ज्याचा त्याने. बिनपगारी फुल अधिकारी म्हणतात तशी.

सुरुवातीला ही माणसं हात वर करून मत द्यायची. दोन वर्षांत सहा जणांनी एकमेकांशी बोलणं टाकलं, कारण कुणी कुणाविरुद्ध हात वर केला हे कुणी विसरेना. चिठ्ठ्यांचाही प्रयोग झाला, पण अक्षर ओळखू यायचं. तेव्हा नियम झाला की सगळ्यांनी तोंड मिटून हुंकार द्यायचा. आधी बाजूच्यांनी, मग विरोधातल्यांनी. अध्यक्षाने सभेकडे पाठ करून, डोळे मिटून ऐकायचं आणि कोणता हुंकार भारी ते सांगायचं. खुर्चीत बसलेल्याला आपला आणि शेजाऱ्याचाच आवाज मोठा वाटतो, म्हणून निवाडा अध्यक्षाचा. तो सांगेल तो निर्णय, आणि वर्षभर तो कुणी उकरायचा नाही. अध्यक्षाने स्वतः 'माझं चुकलं' म्हटलं, तरच. अशा कामाला कानसेनशिवाय दुसरा कोण मिळणार? बारा वर्षं तो वाचनालयाच्या मागच्या खोलीत, भिंतभर पसरलेल्या जुन्या काचेच्या कपाटाकडे तोंड करून उभा राहिला, आणि त्याचा निवाडा चुकला असं कुणी कधी म्हटलं नाही.

गोम एवढीच होती की शेवटची दोन वर्षं त्याला धड ऐकू येत नव्हतं.

आधी डावा कान गेला आणि उजवा त्याच्या मागोमाग निघाला. समोर कुणी बोललं तर ओठ बघून निभायचं, पण पाठीमागचा हुंकार म्हणजे सगळा शुकशुकाट. एका सभेत घाबरून त्याने आधाराला म्हणून कपाटावर तळवे टेकवले, आणि हुंकार त्याच्या हाताला लागला. कपाटाच्या काचा चौकटीत सैल झाल्या होत्या. माणसं हुंकारली की त्या थरथरायच्या आणि ती थरथर लाकडातून तळव्यात उतरायची. ज्याने जन्मभर तारेची कुरकुर ओळखली, त्याला एवढं पुष्कळ होतं. दोन माणसांचा फरकसुद्धा त्याला कळायचा. तेव्हापासून तो कपाटावर हात ठेवूनच उभा राहू लागला. "काका, कपाटाला नमस्कार करता की काय?" असं मंडळातल्या वकिलाने एकदा मागून विचारलं आणि सगळे हसले. कानसेनला प्रश्न कळलाच नव्हता, पण वळल्यावर सगळे हसताना दिसले म्हणून तोही हसला.

हे सगळं फक्त त्याच्या बायकोला ठाऊक होतं. ती दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स. तिने त्याला ओढत नेऊन कानाचं मशीन घ्यायला लावलं. ते त्याने दोन दिवस लावलं आणि 'खोलीभर भांडी पडल्यासारखं होतं' म्हणून खणात टाकलं. "मशीनही आता बहिरं झालं असेल तिथे," ती म्हणायची. मंडळात सांगून टाका, हेही तिने शंभरदा सांगितलं. त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं होतं. निवाडा बरोबर येतोय ना, मग कुणाच्या पोटात का दुखावं?

पोटात दुखायला वकील होता. मंडळाचा उपाध्यक्ष, वयाने पंधरा-वीस वर्षांनी लहान, कपड्यांना कडक इस्त्री आणि जिभेवर साखर. केसाने गळा कापावा तर त्याने. त्याने प्रस्ताव आणला की नावांची सगळी नोंदवही एका कंपनीच्या हवाली करायची. कंपनी चोवीस तास सांभाळेल, मंडळाने वर्षातून एकदा सही करायची, झालं. कानसेनला हे विष वाटलं. आज फुकट, उद्या भाडं, परवा पत्ताच बंद. मग केशकर्तनालयवाला भांडायला कुठे जाणार? कंपनीच्या फोनवर एक दाबा, दोन दाबा करत बसेल. तीन महिने दोघे सभेत भांडले, ईमेलवर भांडले, भर रस्त्यात भांडले. वकील त्याला 'खांबावरून न उतरलेला लाइनमन' म्हणाला, हा वकिलाला 'कंपनीचा जावई' म्हणाला. मंडळाच्या सचिव होत्या वाचनालयाच्या ग्रंथपालबाई. त्या बिचाऱ्या इतिवृत्तात 'साधकबाधक चर्चा झाली' एवढंच लिहायच्या.

प्रस्तावाच्या दिवशी नेमकं वाचनालयात रंगकाम निघालं आणि वकिलाने कॉलेजचं नवंकोरं सभागृह मिळवलं. भिंतींना आवाज शोषणारं मऊ कापड लावलेलं होतं. कानसेनने सभेकडे पाठ केली आणि तळवे टेकवले, तर गादीवर हात ठेवल्यासारखं. बाजूचा हुंकार झाला असेल, विरोधातलाही झाला असेल. त्याच्या कानाला काही नाही आणि हातालाही काही नाही. सगळं आटोपलं तरी तो तसाच उभा होता, तेव्हा ग्रंथपालबाईंनी येऊन त्याच्या खांद्याला हात लावला. वकिलाने ते बरोबर पाहिलं.

"विरोध भारी आहे," कानसेन म्हणाला. "प्रस्ताव फेटाळला."

आठवडाभरात वकिलाचं पत्र आलं. अध्यक्षांना ऐकू येत नाही, सबब ते आपलं कर्तव्य पार पाडू शकत नाहीत. पुढच्या सभेत सर्वांसमक्ष त्यांची परीक्षा व्हावी आणि नापास झाल्यास त्यांनी पायउतार व्हावं. खाली नऊ सह्या होत्या. त्यातली एक मंडळावरच्या केशकर्तनालयवाल्याची होती. ती वाचून कानसेनच्या अंगाचा तिळपापड झाला.

त्याने पत्र जेवणाच्या टेबलावर आपटलं. "परीक्षा घेतायत माझी! घ्या म्हणावं. रंगकाम झालंय, सभा वाचनालयातच आहे. एकेकाला बघतो."

बायको भाजी निवडत होती. ओठ दिसावेत म्हणून तिने मान वर केली. "परीक्षेचं राहू द्या. त्या दिवशी तुम्हाला काय ऐकू आलं?"

"विरोध भारी होता."

"ऐकू काय आलं ते विचारतेय मी."

त्याने पत्राची घडी घातली आणि पुन्हा उलगडली.

"आमच्या वॉर्डात एक नर्स होती," ती म्हणाली. "नाडी न मोजताच तक्त्यावर आकडा टाकायची. पुष्कळदा बरोबरही निघायचा. तरी तिला आम्ही खोटारडीच म्हणायचो, सांगितलंय मी तुम्हाला."

"ते वेगळं, हे वेगळं! मी गप्प बसलो तर नोंदवही वाचते. तोंड उघडलं तर प्रस्ताव परत उघडतो आणि तो हरामखोर माझ्या खुर्चीत बसतो. तुला कळत नाही त्यातलं."

"कळतंय," ती म्हणाली आणि पुन्हा भाजी निवडायला लागली. ती भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

परीक्षेला तेवीसच्या तेवीस जण हजर होते. एरवी कोरम भरायची मारामार, पण कुणाची फजिती बघायची म्हटल्यावर लोकांना वेळ मिळतो. ग्रंथपालबाई हाताने खुणा करणार, तितक्यांनीच हुंकार द्यायचा, एका फेरीत दोनदा, आणि कानसेनने भारी कोणता ते सांगायचं. अशा पाच फेऱ्या. त्याने कपाटाकडे तोंड केलं, तळवे टेकवले, डोळे मिटले. पहिला. दुसरा. दुसरा. पहिला. शेवटच्या फेरीत बाईंनी मुद्दाम दहा आणि बारा माणसं घेतली होती. तेही त्याने बरोबर सांगितलं. टाळ्यांचा कडकडाट झाला, तो त्याला काचांतून कळला.

तो वळला तर वकिलाचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालेलं. कानसेनला इतका आनंद कित्येक वर्षांत झाला नव्हता. दोन शेलके शब्द त्याच्या जिभेवर तयारही होते. तेवढ्यात केशकर्तनालयवाला पुढे आला आणि त्याने कानसेनचा हात दोन्ही हातांत धरला.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "वकीलसाहेबांनी सही मागितली, मी दिली. तुमच्या शब्दावर संशय घेतला. आता तुम्ही म्हणाल ते खरं, परत नाही विचारणार."

तो हात कानसेनला धरवेना. वकिलाच्या शिव्या त्याने आयुष्यभर पचवल्या असत्या, हे काही पचलं नाही.

"बसा सगळे," तो म्हणाला. "कॉलेजच्या सभागृहात मला काहीही ऐकू आलं नाही. मी माझ्या मनातलं सांगितलं. माझं चुकलं. तो निर्णय रद्द."

सगळे ओठ एकदम थांबलेले त्याला दिसले. पहिल्यांदा हलले ते वकिलाचे. "आणि आजचं? पाचपैकी पाच कसे आले, काका?"

"हाताला लागतं. कपाटाच्या काचा थरथरतात. दोन वर्षं मी असंच करतोय."

"म्हणजे दोन वर्षं हे कपाटच आमचा अध्यक्ष होतं?" मागून कुणीतरी ओरडलं. "पुढच्या निवडणुकीला कपाटालाच उभं करा की! निदान गप्प तरी बसेल!" खोली हसून लोळायला लागली. आत्ता टाळ्या वाजवणारी हीच माणसं. केशकर्तनालयवाला हसला नाही, पण त्याने हात सोडला आणि जाऊन आपल्या खुर्चीत बसला.

ऐकू येत नाही हे अध्यक्षाने स्वतःच कबूल केल्यावर नियमाप्रमाणे खुर्ची उपाध्यक्षाकडे गेली. वकिलाने ती घ्यायला मिनिटभरही लावलं नाही. निर्णय रद्द झाला आहे, सभासद सगळे हजर आहेत, तेव्हा प्रस्ताव आत्ताच घेऊ, असं तो म्हणाला. त्याने खिडकीपाशी जाऊन सभेकडे पाठ केली. कानसेनला बसायला कुणी जागा दिली नाही, म्हणून तो कपाटाला पाठ टेकून उभा राहिला.

बाईंनी आधी बाजूच्यांना खूण केली. कानसेनच्या पाठीला हलकीशी कंपनं लागली, नऊ-दहा माणसांची. मग विरोधातल्यांना खूण झाली आणि काचा अशा थरथरल्या की त्याच्या खांद्यांपासून कंबरेपर्यंत कळलं. त्याने केशकर्तनालयवाल्याकडे पाहिलं. त्याच्या गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या.

वकील सावकाश वळला. "बाजूचा भारी आहे," तो म्हणाला. "प्रस्ताव मंजूर."

वकील धडधडीत खोटं बोलला की त्यालाही हवं तेच ऐकू आलं, देव जाणे. कानसेनला मात्र त्या चेहऱ्यात आपलाच कॉलेजच्या सभागृहातला चेहरा दिसला. खुर्च्यांतली माणसं एकमेकांकडे बघत होती. ज्याला त्याला आपल्या शेजारचंच ऐकू आलं होतं, आणि पहिल्याच दिवशी नव्या अध्यक्षाशी वाकड्यात शिरायला कुणी तयार नव्हतं.

सभासदाला जागच्या जागी हरकत घेता येते, तेवढा हक्क कानसेनकडे अजून होता. त्याने हात वर केला. "हरकत आहे. विरोध भारी होता. चांगलाच भारी."

बाईंचं पेन थांबलं. वकील त्याच्या अगदी जवळ येऊन उभा राहिला. ओठ नीट दिसावेत अशा बेताने, लहान मुलाला समजवावं तसा, एकेक शब्द सुटा करत त्याने विचारलं, "काका, तुम्हाला ऐकू आलं का? हो की नाही, एवढंच सांगा. बाईंना लिहायचंय."

पाठीमागच्या काचा आता शांत होत्या. केशकर्तनालयवाला मान वर करून त्याच्याकडे बघत होता. 'हो' म्हटलं तर त्याने अजूनही विश्वास ठेवला असता, हे कानसेनला दिसत होतं.

"नाही," तो म्हणाला.