भिंगरीची हाक

"मामा, चोरी ती चोरीच!"

"अगं, चोरी झाली की घरातली वस्तू जाते. तुझा गेम तुझ्यापाशी आहेच ना? मग?"

"आणि गावभरही आहे! मी तो पुरासुद्धा केला नव्हता!"

पंखामामांनी समोरच्या उघड्या मशीनमध्ये डोकं खुपसलं. कॉम्प्युटर जोडून विकणाऱ्या या माणसाला सख्ख्या भाचीपासून गिऱ्हाइकांपर्यंत सगळे पंखामामाच म्हणत. डोळे मिटून पंख्याची घरघर ऐकायची आणि "ग्राफिक्स कार्ड तापतंय हो तुमचं," असं वैद्याच्या थाटात सांगायचं, ही त्यांची खोड. दुकान म्हणजे एक लांबट खोली. दुपारी शटर अर्धं ओढलं की मशीनमधले निळे-जांभळे दिवे भिंतीवर पाण्यासारखे हलत आणि मामा त्यात तरंगल्यासारखे बसून राहत.

त्यांचा एक नेम होता. नवं मशीन रिकामं दाराबाहेर जाऊ द्यायचं नाही. त्यांची आई शेजारणीचं भांडं रिकामं परत करत नसे, तसंच. चार गेम घालूनच द्यायचे, मग ते कुणाचे का असेनात. परवानगी वगैरे गोष्टी त्यांच्या गावीही नव्हत्या.

स्वतः बनवत असलेला गेम नव्या कार्डावर नीट चालतो का बघायला भाचीने डिस्क आणून दिली, तेव्हाही हात सवयीने पुढे गेला. त्यानंतर दुकानातून गेलेल्या प्रत्येक मशीनमध्ये तो गेम गेला.

गेम तरी काय? तळ्यात बुडालेलं एक घर, खिडक्यांत दिवे, वर एक होडी. वल्हवत राहायचं. पाण्याखालून एक बाई गुणगुणते. ती मामांची ताई, भाचीची आई. आता ती फक्त तिथेच होती.

"कुणाकडे दुरुस्तीला जावं," मामा मशीनमध्येच बोलल्यासारखे बोलले, "तर आतल्या खोलीतून ताईचा आवाज येतो. काम संपतं, पण मला उठवत नाही गं. उगाच स्क्रू पिळत बसतो."

भाचीचा चढलेला आवाज खाली आला. "शेवटी ती काय म्हणते, ऐकलंस?"

"भिंगरी, दमलीस का गं? ऐकलं की."

"ते मी कापणार होते, मामा. गुणगुणणं सगळ्यांना द्यायचं होतं. हाक नाही. ती माझी होती." तिने टेबलावरची आपली डिस्क उचलली. "सकाळी एका खिडकीतून कुणीतरी ओरडलं, 'भिंगरी, दमलीस का गं?' हुबेहूब आईचा सूर. मी भर रस्त्यात 'ओ' दिली. वर बघते तर एक पोरगी. मांजरीशी बोलत होती."

मामांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर टेबलावर आला.

"घरोघर जाऊन काढून टाकतो."

"आणि त्यांनी पुढे ज्यांना दिला असेल, त्यांच्याकडून?"

पंखे घरघरत राहिले. कोपऱ्यातल्या मशीनवर, मामांनी दिवसभर चालू ठेवलेली होडी आपली हळूहळू फिरत होती.

"निदान हा इथला पुसू?" माऊसवर हात ठेवून त्यांनी अगदी हलक्या आवाजात विचारलं. "तू म्हणशील तसं."

तिने डिस्क पिशवीत टाकली. गुणगुणणं थांबलं. पुढे काय येणार, दोघांनाही माहीत होतं.

"भिंगरी, दमलीस का गं?"

ती अर्ध्या शटरखालून वाकली आणि कुणालाच उत्तर न देता उन्हात निघून गेली.