अर्जातली पोटदुखी

बाबा पिऊन आले की लालबागच्या आमच्या चाळीत सगळ्या मजल्याला कळायचं. ते मिलच्या साचेखात्यात होते, दोन साच्यांवर कापड विणायचे. आई दहा-बारा गड्यांची खानावळ चालवायची. त्यांची पानं उठली की उरेल ते आमचं जेवण. बाबा पाळीला पोचले नाहीत की त्यांच्या साच्यांवर बदली कामगार उभा राहायचा. त्या दिवसाचा रजेचा अर्ज मी लिहायची. कधी ताप, कधी पोटदुखी. घरात लिहिता येणारी मी एकटी, आणि कॉलेजात जाणारी तर चाळीत पहिली. अक्षर सुरेख होतं माझं.

मुंबईसाठी मोर्चे निघत होते त्याच दिवसांत मिलमध्ये नवे लेबर ऑफिसर आले. त्यांनी एक सोय केली. ज्याला दारू सोडायची आहे त्याने तसा अर्ज द्यायचा, त्याची नोकरी जाणार नाही. रोज पाळीआधी मिलच्या दवाखान्यात डॉक्टरांसमोर औषध घ्यायचं, आणि पाळी सुटली की शेजारच्या साच्यावरच्या माणसाने त्याला घरापर्यंत पोचवायचं. दारूबंदी असली तरी गुत्ता वाटेवरच होता.

एका सकाळी बाबा न पिता माझ्यासमोर येऊन बसले. म्हणाले, "बाय, अर्ज लिव. खरां काय तां लिव."

आई घाबरली. कागदावर दारू लिहिलीस तर उद्या पोलीस दारात येतील, म्हणाली. पुढे कित्येक वर्षं मीही हेच कारण सांगत आले. ते खरं नाही. ऑफिसरांची मुलगी माटुंग्याच्या कॉलेजात माझ्याच बाकावर बसायची. मी लिहिलं, पोटाचा जुना विकार आहे, औषधोपचार व्हावा. बाबांनी खाली अंगठा उठवला.

दवाखान्यातून पांढरी पावडर मिळाली. हेच ते दारूचं औषध, असं समजून बाबा ती नेमाने घेत राहिले. घरी पोचवायला बरोबर कुणी दिलं नाही, तर आपला नंबर यायचा असेल, म्हणाले. हात थरथरायचे, चहा बशीत सांडायचा. तरी तीन आठवडे एकट्याने गुत्त्यावरून मान खाली घालून घरी आले. मग एके दिवशी पिऊन आले.

"माका औषध लागू पडणा नाय गो," म्हणाले.

मी पुस्तकातून मान वर केली नाही.

त्यानंतर ते कामाला जाईनासेच झाले. डोळे पिवळे पडले, पोट फुगलं. नाव कमी करण्याची नोटीस आली, ती वाचून दाखवायचीही मलाच. वाचली नाही. तशीच उठून मिलमध्ये गेले आणि ऑफिसरांना सगळं सांगितलं. त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला.

"पहिला अर्ज फार छान लिहिला होता तुम्ही," एवढंच म्हणाले.

या वेळी खरं लिहिलं. घरी आणून बाबांना वाचून दाखवलं. ते ऐकत राहिले, मग म्हणाले, "पयल्यांदाय ह्याच लिवलंलस मा?"

मी हो म्हटलं.

नोटीस मागे घेतली गेली. दुसऱ्या दिवसापासून बाबा परत पाळीला जाऊ लागले आणि शेजारच्या साच्यावरचे काका त्यांना पोचवायला येऊ लागले. नाक्यावरचे टोमणे मारायचे, काय रे, नवरी पोचवतोस? बाबा म्हणायचे, नवरी नाय, चोर. पळान जायत म्हणान धरल्यान हा. हसायचे, आणि हसताना पोट धरायचे. उशीर झालाय, डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. पहिल्या वेळीच खरं सांगायला हवं होतं, असंही म्हणाले.

महाराष्ट्र झाला तेव्हा चाळीत पेढे वाटले, गुत्त्यावर गर्दी उसळली. बाबा गॅलरीत बसून चहा प्यायले.

त्याच उन्हाळ्यात मी बी. ए. झाले. पुढच्या महिन्यात बाबा गेले. शेवटचे चार महिने त्यांनी दारूला हात लावला नाही, आणि गेले त्या दिवशी त्यांचं नाव मिलच्या हजेरीपटावर होतं.