थर्झाच्या बैठकीतल्या गाई

आमच्या यॉर्कशरच्या खोऱ्यात हार्करांचं घर सगळ्यात जुनं. भिंती दगडी, छपरावरही दगडी फरश्याच. एकाच लांब छपराखाली वरच्या अंगाला माणसं, उताराच्या अंगाला गोठा आणि मधून आरपार बोळ. थर्झा तिथे सून म्हणून आली. ठेंगणी, हसली की शेजारी आमच्या अंगणात ऐकू यायचं. पण घराची बैठक सासूच्या, हॅनाबाईंच्या ताब्यात. पाद्रीसाहेब आले किंवा कोणी वारलं, तरच ती उघडायची. "हात पुसलेस का?" विचारल्याशिवाय म्हातारी थर्झाला उंबरा ओलांडू द्यायची नाही.

सत्तेचाळीसच्या हिवाळ्यात बर्फ थांबेचना. एका सकाळी धाडकन आवाज झाला. बर्फाच्या भाराने गोठ्याचं आढं मोडलं होतं. गाई एका कोपऱ्यात हंबरत उभ्या.

"बोळातून घरात घे त्यांना," थर्झा नवऱ्याला म्हणाली.

"स्वयंपाकघरात मावणार कशा?" आयझॅक म्हणाला.

"बैठकीत मावतील की."

"आईच्या बैठकीत? तूच सांग तिला. मी नाही बाबा!"

बोळाकडचं दार गाईंसाठीच केल्यासारखं रुंद होतं, बैठकीचं मात्र अरुंद. थर्झाने सरळ कुऱ्हाड उचलली आणि चौकट उखडली. हॅनाबाई किंचाळल्या, "अगं सटवे, माझा गालिचा!"

"गुंडाळून ठेवलाय, सासूबाई. आता तुम्ही तेवढ्या बाजूला व्हा."

म्हातारी गुंडाळलेला गालिचा उचलून तरातरा स्वयंपाकघरात निघून गेली. दुसऱ्या दिवशी मी बर्फ तुडवत दूध आणायला गेले, तर बाई बैठकीतच बसलेल्या, खुर्ची गाईच्या पोटाला टेकवून. "अख्ख्या घरात हीच खोली काय ती उबदार आहे," माझ्याकडे न बघताच म्हणाल्या.

त्याच आठवड्यात तांबडी गाय बैठकीतल्या शेकोटीपुढे व्याली. वासरू गारठून थरथरत होतं. थर्झा पोतं शोधायला धावली, तोवर हॅनाबाईंनी खांद्यावरची शाल काढून त्याला पुसायला घेतलं होतं.

"सासूबाई, लग्नातली शाल ना ती!"

"मग काय झालं? धर त्याचे पाय."

बर्फ वितळल्यावर खोऱ्यातले सगळे जमलो आणि गोठ्याचं छप्पर पुन्हा चढवलं. आयझॅकने बैठकीला बसवायला नवी चौकट आणि दार आणलं, तेव्हा म्हातारीने त्याला दटावलं, "राहू दे. थर्झाला स्वयंपाकघरात दिवसभर कामाला उजेड लागतो, तो बैठकीच्या खिडकीतूनच येतो." त्या संध्याकाळी दोघी बैठकीत बसून भांडत भांडत लोकर विंचरत होत्या.