तमोदुर्गाचा राजा आणि आमची पोती

माझ्या धाकट्या भावाने नरक बांधला तेव्हा तो बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला लटकलेला होता. बी.कॉम. बांधून काढायला मात्र त्याला सवड नव्हती.

मूळ नरक परदेशातला. त्याच्या एका मित्राचा चुलतभाऊ बंगळूरला होता. त्याच्याकडून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आलं, झेरॉक्सच्या झेरॉक्स काढून अक्षरं पुसट झालेलं, आणि सोबत नाना पैलूंचे फासे. खेळ असा की चार टाळकी जमिनीवर बसणार. एकाने जग सांगायचं. बाकीच्यांनी त्या जगात कुणी योद्धा, कुणी मांत्रिक व्हायचं आणि आपण काय करतो ते बोलून दाखवायचं. जमलं की फसलं, हे फासा ठरवणार. पट नाही, सोंगट्या नाहीत, नुसती बडबड. आणि जग सांगायचा मान कायम माझ्या या भावाचा, आमच्या तम्माचा, कारण खोली आमची होती. राजारामपुरीतल्या घराच्या गच्चीवर एक खोली होती, तिथे अप्पा दुकानातली जादा पोती ठेवायचे. अप्पांचा बारदानाचा धंदा. गुळाला, शेंगांना, धान्याला लागणारी पोती, सुतळी, दोर. त्या पोत्यांच्या थप्पीला टेकून दर रविवारी दुपारी ही मंडळी नरकात उतरायची आणि मी वर चहा नेऊन द्यायची.

नरकाचं नाव तमोदुर्ग. पुस्तकातलं नाव तम्माला म्हणता येईना म्हणून त्याने हे पाडलं होतं. अप्पांना तो किल्ला वाटला. पन्हाळ्याच्या अलीकडं का पलीकडं, असं त्यांनी विचारलं तेव्हा तम्मा आठवडाभर त्यांच्याशी धड बोलला नाही.

मी तो नरक चहाच्या ट्रेसह इतका ऐकलाय की आजही वाट दाखवीन. वर काळा सूर्य. खाली उकळत्या रक्ताची नदी. काठाला लोखंडाची झाडं. एकाखाली एक असे मजले आणि सगळ्यात तळाला शिंगवाला राजा, हाडांच्या सिंहासनावर. मला त्या राजाची कधी भीती वाटली नाही, कीव मात्र यायची. एवढा जगाचा वैरी, आणि बसायला मऊ काही नाही. अब्जावधी सैतान, पण त्यांत एकही बाई नाही, स्वयंपाक नाही, उष्टी-खरकटी नाहीत. पहाटे नळाला पाणी येतं म्हणून कुणी उठत नाही. ज्या जागी कुणालाच पाणी भरावं लागत नाही तो नरक कसला, सुट्टीच की ती. एकदा मी विचारलंही, की एवढी राख पडते तर झाडलोट कोण करतं? तम्मा म्हणाला, “अक्का, तू जा की खाली.” मी गेले. खाली झाडायचंच होतं.

त्याचे मित्र तर त्याहून थोर. एक जण कागलचा होता, शिकायला इथे खोली घेऊन राहिलेला, जाडजूड, निवांत. एका रविवारी तम्माने दारावरचा राक्षस उभा केला, दोन तोंडांचा, हातात ज्वाळांचा कोरडा. आवाज घोगरा करून म्हणाला, “काय करताय?” बाकीचे तलवारी काढायच्या बेतात. कागलकर चहाचा घोट घेऊन म्हणाला, “मी त्याला विचारतो, पावणं कुठलं म्हणायचं?”

“तो राक्षस हाय.”

“आसू दे की. कुठल्या तरी गावचा आसंलच. सोयरीक निघती का बघू. न्हाई निघाली तर बोकड कापू, त्याचा मान दिऊ, आणि जाऊ आत.”

तम्माने पुस्तक आपटलं. राक्षसाला मारायचं असतं, त्याला मान देत नाहीत, हे त्याने परोपरीने सांगितलं. कागलकराचं म्हणणं एकच, की आमच्या शिवंवरचा म्हसोबा याच्यापेक्षा कडक हाय, त्याला कुणी मारत न्हाई, वर्षाला नारळ-कोंबडं दिलं की गप बसतो. फासा टाकला. सोयरीक निघाली. तम्माचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मी जिन्यात उभी राहून पोटभर हसले.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण तम्माने एक दिवस जेवताना सांगितलं की त्याला पुण्याला जायचंय. संगणकावर असली चित्रं काढून ती हलवायची, याचा म्हणे कोर्स असतो. अप्पांनी भाकरी मोडता मोडता ऐकून घेतलं. आमचं घर लिंगायतांचं, गळ्यात इष्टलिंग, कपाळाला विभूती, आणि अप्पा त्या एका लिंगाशिवाय कुणापुढे वाकत नसत. भूतखेत, नवससायास, अंगात येणं, सगळ्याला ते एकाच मापाने तुच्छ लेखायचे. धंद्यात खोटं बोलायचे नाहीत, घरात गोड बोलायचे नाहीत.

“ही थेरं शिकायला पुण्याला?” ते म्हणाले. “त्यानं काय हुतंय?”

“बघणाऱ्याला भीती वाटते, अप्पा. खरी वाटते.”

“मला दाव. मला भ्या वाटलं तर जा. न्हाई वाटलं तर दुकानात बस.”

मला पुण्याला जायचंय का, हे त्या घरात कुणी कधी विचारलं नाही. माझ्याशी कुणी पैजही लावली नाही. मला फार राग आला होता, आणि तो अप्पांचा नव्हता, तम्माचा होता. एवढी सोन्यासारखी संधी, आणि हा गडी ती शिंगांवर लावणार.

लावलीच. गल्लीतल्या मंडळाचा गणपतीतला देखावा त्याने मागून घेतला. आमच्याकडे देखाव्याला काय महत्त्व असतं ते बाहेरच्याला सांगून पटायचं नाही. शेजारच्या मंडळाने लेणं केलं तर आपण महाल करायचा, त्यांनी महाल केला तर आपण धबधबा. त्या साली पुढच्या गल्लीत दक्षिणेतलं कुठलंसं देऊळ उभं राहात होतं. आमच्या मंडळाचे अध्यक्ष फरशीचे व्यापारी. त्यांना देवळावर मात करणारं काही सुचत नव्हतं. नरक म्हटल्यावर त्यांचे डोळे चमकले. अट एकच घातली, की प्रबोधन पाहिजे, त्याशिवाय परीक्षक नंबर देत नाहीत. म्हणून तमोदुर्गाच्या महाद्वारावर ‘दारू सोडा, संसार जोडा’ असा फलक लागला आणि रक्ताच्या नदीत बाटल्या तरंगू लागल्या. तम्मा फलकाकडे पाठ करून काम करायचा.

काम मात्र केलं त्याने. ते मान्य करायला मला तेव्हाही जड गेलं नाही. गच्चीवरची पोती फाडून, गोंदात भिजवून त्याने राजाचं कातडं केलं. थर्माकोलवर ते सुरकुतून वाळलं तेव्हा खरोखर कातडं वाटायला लागलं. जबडा उघडायची मोटर, डोळ्यांत तांबडे दिवे, धुपाचा धूर, टेपवर स्वतःचाच घोगरा आवाज. राजा पहिल्या मजल्याच्या सज्ज्याएवढा झाला. पहिल्या संध्याकाळी दिवे गेले, जबडा उघडला आणि पुढच्या रांगेतली पोरं किंचाळून आयांच्या पदरात शिरली. तम्मा मांडवामागे उभा होता. एवढा खूश मी त्याला नंतर कधीच पाहिला नाही.

अप्पा म्हणाले, सवडीनं येतो.

आणि मग लोक आले. कुरुंदवाडकडची एक बाई कुणाकडे तरी गणपतीला पाहुणी म्हणून आलेली. देखावा संपला, दिवे लागले, आणि तिने पुढे होऊन राजाच्या पायाच्या अंगठ्याला हळदीकुंकू लावलं. तम्मा धावला. “मावशी, तो देव न्हाई, राक्षस हाय.”

“कळतंय की बाबा,” ती म्हणाली. “पर एवढं उग्र हाय. तसंच कसं फुडं जायचं?”

तिच्या मागच्या बाईने नारळ ठेवला. झालं. एकीनं केलं की दुसरीला राहवत नाही. शिंगांना लिंबं आली, गळ्यात झेंडूचा हार आला, पायाशी तेलाचा दिवा आला. गणपती बिचारा कोपऱ्यात, त्याच्यापेक्षा याच्या पुढ्यात गर्दी. याचा वार कुठला, अशी चौकशी सुरू झाली आणि अमावस्या ठरलीसुद्धा. कुणी मुलीच्या लग्नाचं गाऱ्हाणं घातलं, कुणी म्हशीचं. आणि ज्या पोरांनी पहिल्या दिवशी किंकाळ्या फोडल्या तीच आता राजाच्या पायापाशी बसून खोबरं खाऊ लागली. जबडा उघडला की सगळे मिळून हात जोडत. कागलकर हार विकत घेऊन आला. “मी म्हणत हुतो,” एवढंच बोलला.

तम्मा अध्यक्षांकडे गेला, हे थांबवा म्हणाला. अध्यक्षांनी तोवर मांडवाच्या तोंडाशी नारळवाला बसवला होता. “लोकांच्या श्रद्धेला हात लावायचा न्हाई,” ते म्हणाले. आदल्या साली याच माणसाने अंधश्रद्धेवर देखावा केला होता. अशा माणसांना लाज नसते, आणि नसते म्हणूनच ती अध्यक्ष होतात.

अप्पा यायचे ठरले त्या दुपारी तम्माने रॉकेलचा बोळा घेऊन राजाच्या पायावरचं कुंकू पुसलं, हार काढले, लिंबं काढली, पुन्हा रंग मारला. मीही एक पाय पुसून दिला. का, ते माहीत नाही. संध्याकाळी मांडव उघडला आणि रंग ओला असतानाच त्यावर पुन्हा कुंकू बसलं.

अप्पा सगळ्यांसारखे रांगेत उभे राहिले. मी त्यांच्या मागे. दिवे गेले, धूर आला, तम्माचा आवाज घुमला, तांबडे डोळे पेटले, जबडा उघडला. शेजारची बाई अप्पांना म्हणाली, “हात जोडा की, पावणं.” अप्पांनी हात जोडले नाहीत. दिवे लागल्यावर ते पुढे गेले, राजाच्या पोटरीवरचं कातडं दोन बोटांत धरलं आणि वीण पाहिली.

“चांगली बारदानं फाडलीस की,” ते म्हणाले.

तम्मा मांडवामागून समोर आला होता.

“न्हाई वाटलं,” अप्पा म्हणाले आणि चपला घालून घरी गेले. त्यांनी खोटं बोलायला हवं होतं असं मला वाटलं. मला माझ्याच वडिलांचा इतका तिटकारा कधी आला नव्हता.

विसर्जनाला राजाही निघाला. कुंकू लागलेली वस्तू कचऱ्यात टाकणार कोण? गणपतीच्या ट्रॅक्टरमागे दुसरा ट्रॅक्टर, त्यावर आडवा राजा. पंचगंगेत गणपती गेले. राजाच्या आत थर्माकोल, तो बुडेना. शिंगं वर करून तरंगत राहिला आणि घाटावर हशा पिकला. तम्मा हसला नाही, रडलाही नाही. पुढे बघून घरी आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आंघोळ करून, विभूती लावून, अप्पांच्या आधी किल्ल्या घेऊन निघाला. आईला, आमच्या अव्वाला वाटलं, पोरगं ताळ्यावर आलं. मलाही वाटलं, आणि मी म्हणाले, बरं झालं, नरक संपला एकदाचा. तो रोज जाऊ लागला. रविवारी वरची खोली बंद. मित्र आले तर खालूनच परत. फासे कुणाला तरी देऊन टाकले. उधारी कुणाला द्यायची, कुणाला नाही, हे अप्पांनी न सांगता त्याला कळू लागलं. अप्पा चारचौघांत म्हणायचे, पोरगा तयार हाय माझा.

दिवाळीनंतर गुळाचा हंगाम लागला. एका दुपारी अप्पा वसुलीला कागलला गेले होते, आणि मी दुकानात डबा घेऊन चालले होते. रस्त्याच्या अलीकडच्या कडेला अप्पा उभे दिसले. बसमधून उतरून दुकानाकडे निघालेले, पण मध्येच थांबलेले. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले तरी त्यांना कळलं नाही.

समोर तम्मा पोत्यांच्या थप्पीवर बसला होता. एक पाय खाली, एक पाय वर, अप्पा बसतात तसा. पापण्यांवर तागाची धूळ. अप्पांसारखाच आधी दोनदा खोकला आणि मग गिऱ्हाइकाला म्हणाला, “बसा पावणं, च्या घ्या.” आवाज अप्पांचा. गिऱ्हाईक गेलं. तम्माने खाली पडलेली सुतळी उचलली, बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. रस्त्याकडे बघत होता, आम्ही दोघं बरोबर समोर, तरी त्याला दिसलो नाही. बावीस-तेवीसचं पोरगं, पन्नाशीचं दिसत होतं.

अप्पांनी रस्ता ओलांडला नाही. डबा मला एकटीलाच द्यावा लागला.

संध्याकाळी ते लवकर घरी आले. तम्मा अजून दुकानातच होता. अव्वा परातीत पीठ घेऊन बसलेली. अप्पा उंबऱ्यातच उभे राहून म्हणाले, “त्याला पुण्याला धाडूया.”

अव्वाचे हात थांबले. “आता कशाला? चांगला बसलाय की दुकानात. आणि तुमास्नी तर भ्या वाटलं न्हवतं.”

“तवा न्हवतं वाटलं,” अप्पा म्हणाले, आणि पाय धुवायला मागल्या दारी गेले.